आशाताईच्या घरातला पेशंट

फाइलच्या पहिल्या पानावर एवढंच आहे: पुरुष, वय ४२, शेती, मूत्रपिंड प्रत्यारोपण २०१७, दाता आई. बायको काय करते, यासाठी आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. ती तासगाव तालुक्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे हे मला कळलं २०२०च्या एप्रिलमध्ये, तेही बोलता बोलता. पुण्यात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करताना कोविडच्या दोन वर्षांत अनेक घरांशी फोनवर बोलले. त्यातलं हेच घर लिहायला घेतलं, कारण आमच्या सूचनापत्रकातली जवळजवळ प्रत्येक चूक या घराने उघडी पाडली. नावं आणि गाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

वैद्यकीय बाजू आधी थोडक्यात सांगते. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर परकं समजतं आणि त्याच्यावर चालून जातं. ते थांबवायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. पेशंटांच्या तोंडी टॅक्रो, मायको आणि स्टेरॉइड. टॅक्रो सकाळी नऊला आणि रात्री नऊला, जन्मभर. रक्तात तिचं प्रमाण कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झालं तर तीच गोळी किडनीला बाधते. म्हणून अधूनमधून 'लेव्हल' करायची: रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं. गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, सुई निघाली की तिथेच घ्यायची. किडनी कशी चाललीय ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळतं, ते वाढलं की किडनी बिघडतेय. यांचं क्रिएटिनिन तीन वर्षं १.२-१.३वर टिकून होतं. आमच्या भाषेत 'चांगला पेशंट'.

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. घरात तेरा दिवसांच्या गोळ्या होत्या. पुणं दोनशे किलोमीटरहून लांब, एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. तालुक्याच्या मेडिकलमध्ये टॅक्रो मिळाली, पण दुसऱ्या कंपनीची. आणि कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा बघावी लागते. शेवटी वाट सापडली दुधाच्या गाडीची. गावातून दूध पुण्याला जायचं, टँकरला पास होता. मी गोळ्यांचा पुडा हडपसरच्या पुढे रस्त्यावर ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या डेअरीत पोचायचा. जून संपेपर्यंत हे असंच चाललं. कुठल्याही नियमपुस्तकात बसणार नाही, पण एकही डोस चुकला नाही.

त्या फोनांमध्येच द्राक्षांचं निघालं. मार्च म्हणजे तासगावात काढणीची ऐन धांदल. व्यापारी येईना, गाडी लागेना. सगळ्यांनी मिळेल तेवढा माल बेदाण्याला वळवला. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. ''घरात पोरं द्राक्षं खाऊन कंटाळली बघा,'' ते म्हणाले. ''मला तर चालतच न्हाईत.''

मी विचारलं, ''का चालत नाहीत? शुगर तर नाही तुम्हाला.''

''तुमच्याच कागदावर हाय की म्याडम. द्राक्षफळ वर्ज्य.''

कागद काढून पाहिला. टॅक्रो घेणाऱ्यांना ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं, कारण त्यातल्या काही द्रव्यांमुळे आतड्यात गोळीचं विघटन मंदावतं आणि लेव्हल चढते. पपनस त्याच जातकुळीतलं, तेही टाळायचं. आमच्याकडे कुणीतरी इंग्रजी पत्रकाचं मराठी करताना ग्रेपफ्रूटचं 'द्राक्षफळ' केलं होतं. पुण्यात कुणाचं बिघडलं नाही. पण एका द्राक्ष बागायतदाराने तीन हंगाम स्वतःच्या बागेतला एक मणी तोंडात टाकला नव्हता, आणि विचारलंही नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे असेल काहीतरी. चूक आमची होती, मी तिथेच माफी मागितली. ते हसले. मला मात्र धास्ती बसली: या कागदावरचं आणखी काय काय हे घर असंच निमूट पाळत असेल?

घर तीन खोल्यांचं. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. माणसं पाच: हे, बायको, आई, नववीतून दहावीत गेलेली मुलगी आणि सहावीतला मुलगा. आमच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'स्वतंत्र खोली व स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे'. त्यांनी माजघर घेतलं. पण माजघर ओलांडल्याशिवाय सोप्यातून स्वयंपाकघरात जाता येत नाही. म्हणजे 'स्वतंत्र खोली'तून दिवसभर चारजण ये-जा करणार. त्यांनी मधे साडीचा पडदा लावला. पडद्याने विषाणू अडत नाही, पण नवराबायको मात्र एप्रिल २०२०पासून पडद्याच्या दोन बाजूंना झोपायला लागली.

त्याच महिन्यात देशभर एकच घोष सुरू झाला: प्रतिकारशक्ती वाढवा. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठीचा काढा सांगितला. ग्रामपंचायतींनी आर्सेनिक अल्बम थर्टीच्या गोळ्या घेतल्या. त्या घरोघर पोचवायचं काम गावात आशाताईंकडेच आलं. दिवसा गावभर प्रतिकारशक्तीच्या गोळ्या वाटायच्या आणि रात्री नऊला नवऱ्याच्या हातावर ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी गोळी ठेवायची. त्यांनी ही गंमत मला स्वतःच सांगितली, पण हसल्या नाहीत.

सासूबाईंनी बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणून काढा सुरू केला होता. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, हे तिकडे कुणालाही विचारा. पण गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानलं जातं, आणि इथे चेतवायची तर नव्हती. पुढे २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो वाद निराळा. आमचा नियम साधा: लेव्हल सांभाळायची असेल तर डॉक्टरांना न विचारता पोटात काही घालू नका. हे आजींना पटवणं कठीण होतं. ''मी माझी किडनी काढून दिली, आन् मी माझ्या पोराला वाईट काय पाजीन व्हय?'' या प्रश्नाला उत्तर नसतं. शेवटी तोडगा नातवाने काढला. काढा रोज व्हायचा, पण बापाच्या पेल्यातलं पाणी रोज गुळाचं असायचं. आजींना हे माहीत होतं असा माझा संशय आहे.

आजींबद्दल आमच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. वय ६३, एकच मूत्रपिंड, रक्तदाबाची गोळी चालू. संसर्ग झाला तर त्यांनाही धोका मोठा. पण दात्याची फाइल ऑपरेशननंतर पातळ होत जाते आणि एक दिवस कपाटात मागे सरकते. घरात आजी स्वतःला पेशंट समजत नव्हत्या, पहारेकरी समजत होत्या. आणि पहारा होता सुनेवर.

माझी चूक इथे सुरू होते. सप्टेंबर २०२०मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. आशाताईंच्या हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर, रोज पन्नासेक घरं, प्रत्येक माणसाचं तापमान आणि ऑक्सिजन. मी ऐकलं आणि घाबरले. पेशंटला फोनवर म्हणाले, ''वहिनींना काही दिवस सुट्टी मिळण्यासारखी आहे का, बघा.''

तीन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन. ''मी आशाताई बोलतेय. हॉस्पिटलनं मला काम सोडायला सांगितलंय म्हणं?''

माझं वाक्य सोप्यातून माजघरात पोचेपर्यंत हुकूम झालं होतं. आजी म्हणाल्या होत्या, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता तरी ऐक. नवरा गप्प होता. आणि बाई मला शांतपणे हिशेब सांगत होती. महिन्याच्या औषधांचा खर्च दहा हजारांच्या वर. त्या वर्षीच्या द्राक्षांचे पैसे आलेच नव्हते, बेदाणा शीतगृहात पडून होता. तिचं मानधन आणि कोविड कामाचे केंद्राचे महिन्याचे हजार रुपये, घरात दर महिन्याला नेमाने येणारी रोकड एवढीच. ''मी काम सोडलं तर तुमची टॅक्रो कशानं आणू? आन् मला विचारलं का तुम्ही? तीन वर्षं गोळ्यांचा डबा मी भरते. तुम्ही फोन मात्र ह्यांनाच करता.''

मी काही बोलू शकले नाही. तिचं म्हणणं शब्दनशब्द खरं होतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. दर रविवारी संध्याकाळी फोन, तोही स्पीकरवर, पाचही जणांसमोर. नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, मी दोन प्रश्न विचारून ठेवले: घरात एक जण बाहेर जाणारच असेल तर काय, आणि खोली स्वतंत्र नसेल तर काय. त्यातून जे ठरलं ते कुठल्या पत्रकात नव्हतं. माजघर सोडायचं आणि पेशंटने सोप्यात यायचं, कारण सोप्याला दोन खिडक्या आणि दार, हवा खेळती. बाकीच्यांची वाट मागच्या दाराने. आशाताई परतल्या की मागच्या दारी न्हाणीत अंघोळ, कपडे तिथेच बादलीत, मग घरात. जेवण एकत्र, पण सोप्याबाहेरच्या ओट्यावर, अंतर ठेवून. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आशाताई स्वतः बोलल्या. दुसऱ्या एका आशाने त्यांच्याकडची बाधितांची घरं घेतली, बदल्यात हिने तिचं गरोदर मातांच्या नोंदीचं आणि रजिस्टरं भरायचं काम घेतलं. ती दुसरी आशा कोण होती हे मला माहीत नाही, पण या प्रकरणात सर्वात मोठा धोका जर कुणी उचलला असेल तर तिने.

सोप्यातला माणूस मात्र दिवसेंदिवस आक्रसत गेला. बागेत छाटणी, फवारणी, सगळं भाऊ बघत होता. हे खिडकीत बसून फोनवर सूचना देणार, आणि भाऊ त्यातल्या निम्म्या न ऐकणार. ''दवाखान्यात होतो तवा तरी पेशंट होतो. आता घरातलं काचेचं भांडं झालोय,'' असं एकदा म्हणाले. मी ते फाइलमध्ये 'मनःस्थिती ठीक' या शब्दांत नोंदवलं. आज ती नोंद वाचवत नाही.

जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झालं आणि आरोग्य कर्मचारी म्हणून आशाताईंचे दोन्ही डोस मार्चपर्यंत झाले. १ मार्चपासून ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधी असलेल्यांना परवानगी मिळाली. यादीत मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं, यांचं वय ४६. आम्ही दाखला पाठवला, कोविशील्डचा पहिला डोस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा एक अभ्यास आला होता. प्रत्यारोपण झालेल्या ४३६ जणांपैकी एका डोसनंतर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दिसली फक्त १७ टक्क्यांत. लसी वेगळ्या होत्या, एमआरएनए प्रकारच्या, पण कारण सगळीकडे तेच: ज्या गोळ्या किडनी वाचवतात त्याच लशीला उत्तर द्यायला निघालेल्या पेशींनाही दाबतात. हे मी रविवारच्या फोनवर सांगितलं. नीट सांगितलं असं तेव्हा वाटलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते बेदाण्याच्या सौद्याला गेले. कुणाला न सांगता, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मास्क होता. वर्षभरात पहिल्यांदाच आपला माल आपण विकला. दर बरा मिळाला. सौदा झाल्यावर चार ओळखीच्यांबरोबर चहा घेतला, आणि चहासाठी मास्क काढावाच लागतो.

सहाव्या दिवशी ताप. आजींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कुणाकडेही न पाहता किट आणून सगळ्यांची तपासणी करून घेतली: हे आणि भाऊ बाधित, ती स्वतः नाही, आजी नाहीत, मुलं नाहीत. संसर्ग कुठून आला याचा पुरावा कधीच मिळत नाही. तरी त्या दिवसापासून आजींचा पहारा सुटला.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आशाताईंनी पाकीट फोडायच्या आधी फोटो पाठवला. गोळी क्लॅरिथ्रोमायसिन होती. एरवी साधं अँटिबायोटिक, पण टॅक्रोबरोबर घेतलं तर लेव्हल झपाट्याने चढते. जुलाबानेही ती चढतेच. दोन्ही एकत्र आले असते तर किडनीचं काय झालं असतं ते सांगायला नको. गोळी बंद पाकिटातच राहिली. मायको थांबवली, स्टेरॉइड वाढवलं, टॅक्रोचा डोस लेव्हलप्रमाणे कमी केला. आठव्या दिवशी ऑक्सिजन ९१वर आला. तेव्हा बेड मिळणं म्हणजे काय होतं हे वेगळं सांगत बसत नाही. मिरजेत एक बेड मोकळा होतोय हे आशाताईंना त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, नवऱ्याला गाडीत घालून त्या तासाभरात तिथे पोचल्या. जिच्या नोकरीला सगळं घर वर्षभर धोका म्हणत होतं, त्याच नोकरीने बेड मिळवून दिला. नऊ दिवस ऑक्सिजन मास्क, व्हेंटिलेटर लागला नाही. क्रिएटिनिन १.९पर्यंत गेलं आणि दीड महिन्याने १.५वर येऊन थांबलं. १.३ काही पुन्हा दिसलं नाही.

मुलीचं लिहिलं नाही तर हे प्रकरण अर्धं राहील. २०२० ते २१ ती दहावीत होती. घरात स्मार्टफोन एक, तोही आईचा आणि मोहिमेच्या ॲपसाठी दिवसभर आईबरोबर. शाळा २०२०च्या नोव्हेंबरअखेर नववी ते बारावीसाठी उघडू लागल्या तेव्हा हिला पाठवलं नाही. पुढे परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर ८० टक्क्यांहून जास्त गुण पडले. ''त्यात माझं काय हाय?'' तिने मला विचारलं होतं. बाप मिरजेहून घरी आला त्या महिन्यात ती मामाकडे सांगलीला राहायला गेली, अकरावीही तिथेच. सगळ्यांच्या सोयीचं होतं: ती कॉलेजला जाणार, बाप सुरक्षित. रविवारच्या स्पीकरवर पाचाऐवजी चार आवाज यायला लागले. ती दिवाळीत आली तीही दोन रात्री, ओट्यावर झोपून. बापाने ''आत ये'' म्हटलं, ती म्हणाली, ''नको पप्पा, कॉलेजात पोरं खोकत्यात.'' हे मला आशाताईंनी सांगितलं आणि पुढे फक्त, ''शहाणी झालीय,'' एवढंच म्हणाल्या.

दुसरा डोस आजारानंतर तीन महिने थांबून ऑगस्टमध्ये झाला. अमेरिकेत त्याच महिन्यात प्रत्यारोपण झालेल्यांना तिसऱ्या डोसची परवानगी मिळाली. आपल्याकडे १० जानेवारी २०२२पासून प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा, सुरू झाला तो आरोग्य व आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढच्या सहव्याधीग्रस्तांसाठी. म्हणजे या घरात आशाताईंना मिळाला, आजींना मिळाला, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो सत्तेचाळीस वर्षांचा माणूस वयात बसला नाही. त्यांच्यासाठी वाट उघडली १० एप्रिलनंतर, खाजगी केंद्रात, पैसे भरून.

त्याआधी आठ दिवस, २ एप्रिलला, पाडवा होता. राज्यातले सगळे निर्बंध त्या दिवशी उठले, मास्क ऐच्छिक झाला. गावात मिरवणूक निघाली. मी दुपारी फोन केला तर मागे हलगी ऐकू येत होती. ते ओट्यावर होते, मास्क लावून. द्राक्षं खाल्ली का विचारलं. म्हणाले, ''घडच्या घड.'' मुलगी आली होती, रात्री थांबणार होती, आत.

मग फोन आशाताईंकडे गेला. लेव्हलची तारीख ठरवली, दुधाच्या गाडीची आता गरज नाही हे बोलून झालं. फॉर्ममध्ये आम्ही नवा रकाना केला होता, घरातील इतर व्यक्ती: काम, वय, आजार. मी त्यांची माहिती भरायला घेतली आणि विचारलं, ''तुमचं बीपी शेवटचं कधी तपासलं?''

''माझं? म्याडम, मी अख्ख्या गावाचं तपासते.''

''तुमचं कधी?''

बराच वेळ नुसती हलगी ऐकू आली. मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, पट्टा गुंडाळल्याचा, मशीनची घरघर. १५४ आणि ९८. मी लिहून घेतलं.